व्रण वरच्या बाजूला

आमच्या प्रयोगशाळेत तिला सगळे काडीताई म्हणायचे. एक तर ती अंगानं काडीसारखी, आणि दुसरं म्हणजे आग पेटवणं हेच तिचं काम. "जगात काड्या लावणारे पुष्कळ, पण त्याचा पगार घेणारी तूच एकटी," असं मी तिला चिडवायचो. ती हसायची. हसताना तिचे डोळे मात्र कधी हसायचे नाहीत, आणि त्याचं कारण कळायला मला फार वर्षं लागली.

वणवे का लागतात, कसे पळतात, मागे काय ठेवून जातात, याचा अभ्यास करणारी ही प्रयोगशाळा. गोदामासारखी उंच इमारत, छताला धूर ओढून घेणारं भलंमोठं धुराडं, आणि मधोमध एक लोखंडी मंच. मंच एका बाजूनं उचलला की डोंगराचा उतार तयार. त्यावर पाइनच्या सुया, म्हणजे त्या झाडाची सुईसारखी पानं, पसरायच्या, एका टोकाला पंखा लावायचा आणि पेटवायचं. मी सुया वाळवायच्या भट्टीवर होतो. सुयांत ओल किती उरलीय यावर आगीचा स्वभाव ठरतो, म्हणून माझी भट्टी चुकली की सगळ्यांचं चुकायचं. मी सुया आणून द्यायचो, ती पसरायची, वजन करायची, तापमान मोजणाऱ्या तारा खोचायची, आणि मग खाली वाकून काडी ओढायची. आमच्या दोघांच्याही केसांतला धुराचा वास कुठल्याच साबणानं जायचा नाही.

प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणजे मोठे सर. वणव्याच्या शास्त्रातलं मोठं नाव. कुठे जंगल जळालं की चौकशीला त्यांनाच बोलावणं यायचं. राखेत गुडघे टेकून, एखादा काळा दगड उलटा करून ते सांगायचे, "आग इथून आली." आणि कोर्टात ते प्रमाण मानलं जायचं. माणूस शांत, कुणावर आवाज चढवायचा नाही. काडीताईवर तर त्यांचा विशेष जीव. सगळं हातचं न राखता शिकवलं तिला. आम्हाला वाटायचं, बापलेकीसारखं नातं आहे.

तिचा खरा बाप मधवाला होता.

हे तिनं मला सांगितलं ते फार उशिरा, पण गोष्ट तिथूनच सुरू होते, म्हणून आधी सांगतो. तिचं लहानपण डोंगराच्या कुशीतल्या एका गावात गेलं. गाव वर, टेकाडाच्या माथ्यावर. खाली पाइनचा उतार, आणि उताराच्या पायथ्याशी विजेच्या मोठ्या तारा. शेवटच्या घरांच्या ओळीखाली, जंगल सुरू होतं तिथे, तिच्या वडिलांच्या मधाच्या पेट्या. पेटी उघडताना माश्या शांत व्हाव्यात म्हणून ते पत्र्याच्या डब्यातून धूर सोडायचे. डब्यात जळतं गोणपाट. गावात सगळ्यांना ठाऊक होतं, पोरं तर त्यांना धूरवाले काका म्हणायची.

एका उन्हाळ्यात, भर दुपारी, जोराचा वारा सुटलेला असताना डोंगर पेटला. बघता बघता घरांची ओळ गेली. शेजारच्या शिंप्याची बायको घरात अडकली. मधवाला तिला काढायला आत शिरला, दोन्ही हात कोपरापर्यंत भाजून घेऊन बाहेर आला, पण रिकामाच आला. ती गेली. आणखीही माणसं गेली.

दुसऱ्या दिवशी चौकशीला तज्ज्ञ आले. तेव्हा ते तरुण होते, नुकतेच शिकून आलेले. त्यांनी झाडांची खोडं पाहिली. प्रत्येक खोडाच्या वरच्या बाजूला, म्हणजे घरांकडच्या बाजूला, काळा पट्टा उंच चढलेला होता. खालच्या बाजूला अगदी थोडा. तज्ज्ञ म्हणाले, ज्या बाजूला जास्त जळालंय त्या बाजूनं आग आली. म्हणजे वरून, मधाच्या पेट्यांपाशी सुरू झाली. एका अंगानं घरांना लागली, दुसऱ्या अंगानं उतारावरून खाली गेली. पेट्यांपाशी धुराचा डबा सापडलाच होता. मधवाल्याचे भाजलेले हात कोर्टात पुरावा म्हणून दाखवले गेले.

शिंप्यानं त्याला आपल्या घरात शिरताना डोळ्यांनी पाहिलं होतं. कोर्टात तो गप्प राहिला. गल्लीत मात्र गप्प राहिला नाही. मधवाल्याच्या दारासमोर उभा राहून, सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "आगलाव्या! माझी बायको खाल्लीस!" आणि आगीतून वाचलेल्या पेट्यांवर रॉकेल ओतून त्या पेटवून दिल्या. माश्यांसकट.

मधवाला तुरुंगात जाऊन परत आला तेव्हा मायलेकी शहरात एका खोलीत राहत होत्या. आल्यापासून त्या माणसानं स्टोव्हला हात लावला नाही. बायको घरी नसली तर थंड भात तसाच खायचा, पण काडी ओढायचा नाही. दोन-तीन वर्षं असा जगला आणि एक दिवस बसल्या जागी गेला. पोचवायला माणसं मिळेनात, शेवटी भाड्यानं बोलावली. शाळेत मुलीला 'आगलाव्याची पोर' म्हणायचे. ती उलटून कधी बोलली नाही. तिनं फक्त एक नाव पाठ करून ठेवलं, तज्ज्ञांचं.

"तेव्हा काय ठरवलं होतंस?" मी तिला पुढे विचारलं.

"काही नाही. एवढंच की तो माणूस जिथे असेल तिथे जायचं. मग बघू."

ती शिकली, पदवी घेतली आणि आमच्याकडे अर्ज केला. मुलाखत मोठ्या सरांनीच घेतली; तिनं पाठ केलेलं नाव त्यांचंच होतं. तिला वाटलं, त्यांनी ओळखलं नाही. तिचा तर्क असा की आग चुकीची वाचणाऱ्या अडाणी माणसाला आपण शास्त्र शिकून उघडं पाडू. पण नोकरीच्या पहिल्याच महिन्यात सरांनी मंचावर एक लाकडी खुंट उभा केला, खाली सुया पसरल्या, पंखा लावला आणि तिला म्हणाले, "पेटव आणि बघ."

आग वाऱ्याबरोबर खुंटाकडे आली. येताना समोरच्या बाजूला जेमतेम टेकली. पण खुंटाला वळसा घालून पलीकडे गेली तशी मागच्या बाजूला भोवरा झाला आणि ज्वाळा खुंटाला चिकटून सरसर वर चढली.

"नदीच्या पाण्यात खांब असला की मागे भोवरा होतो, तसंच," सर म्हणाले. "वाऱ्याबरोबर पळणारी आग झाडाच्या पाठीला जास्त जाळते. झाड जगलं तर त्याच बाजूला बुंध्याशी तिकोनी व्रण राहतो, झाड मरेपर्यंत. नवशिके नेमके उलट वाचतात. काळं जास्त ते पाठीकडे, हे डोक्यात घट्ट बसव."

ती खुंटाकडे बघत राहिली. मी भट्टीपाशी उभा होतो. मला वाटलं, पोरगी प्रयोगानं भारावली.

"त्या क्षणापर्यंत मला वाटायचं ते चुकले," ती मला म्हणाली. "चुकलेल्या माणसाला एखादे दिवशी मी सोडूनही दिलं असतं. पण त्यांना माहीत होतं! स्वतःची चूक समजली होती, दुसऱ्यांना शिकवत होते, आणि माझ्या बापाचं नाव तसंच काळं ठेवून रोज घरी जाऊन जेवत होते."

पुढच्या सुट्टीत ती एकटीच त्या डोंगरावर गेली. वाचलेल्या पाइनना आता जाड साल आली होती. प्रत्येक बुंध्याशी तिकोनी व्रण होता आणि प्रत्येक व्रण वरच्या बाजूला, घरांकडे तोंड करून. तारांपासून घरांपर्यंत झाडं एकच गोष्ट सांगत होती. आग खालून आली होती. तारांखालून.

त्याच आठवड्यात तिनं तक्रार केली असती तर? मी तिला विचारलं होतं.

"एका पोरीची तक्रार, तीही आगलाव्याच्या पोरीची? फायलीत गेली असती. आणि समजा कुणी ऐकलं असतं, तरी ते म्हणाले असते, तेव्हा शास्त्र एवढं पुढं गेलं नव्हतं. लोकांनी माना डोलावल्या असत्या. मला त्यांना ते लहान असताना पाडायचंच नव्हतं."

म्हणून तिनं त्यांना मोठं केलं.

हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, फक्त काय पाहतोय ते कळलं नाही. सरांना लिहायचा कंटाळा. तिनं त्यांच्या मागे लागून वणव्याच्या चौकशीचं पाठ्यपुस्तक पुरं करून घेतलं. झाडांच्या व्रणांवरचं प्रकरण तर तिनं पाच-सहा वेळा लिहायला लावलं. "सर, अजून सोपं करा. शेंबड्या पोरालाही कळलं पाहिजे." अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यांसाठी प्रशिक्षण वर्ग सुरू करवले. प्रत्येक तुकडीकडून 'काळं जास्त ते पाठीकडे' हे इतकं घोकून घेतलं की अधिकारी एकमेकांना भेटल्यावर नमस्काराऐवजी तेच म्हणायचे. त्या नियमाला लोक सरांच्या नावानं ओळखू लागले. सरांना मोठा पुरस्कार मिळाला, त्याची शिफारस हिनं लिहिली होती. समारंभात सगळे टाळ्या वाजवत होते तेव्हा ही पुढे जाऊन फोटो काढत होती. पेढे वगैरे वाटले की तेवढे मात्र खायची नाही. "दात दुखतोय," म्हणायची. वर्षानुवर्षं तिचा दात दुखत होता.

सर निवृत्त व्हायचे त्या वर्षी तिनं सुचवलं, शेवटच्या तुकडीची परीक्षा बाहेर, खऱ्या डोंगरावर घ्यावी. सर प्रमुख पाहुणे. वर्तमानपत्रवाले आले होते, एवढ्या मोठ्या माणसाचा शेवटचा वर्ग म्हणून. जागा हिनं निवडली. बस नव्या रस्त्यानं, डोंगराच्या मागून गेली. सरांना सावलीत घडीच्या खुर्चीवर बसवलं. मी पाण्याच्या बाटल्या आणि झेंड्यांचं पोतं घेऊन होतो.

परीक्षा सोपी होती. इथे पूर्वी वणवा लागला होता. कुठला, केव्हाचा, काही सांगितलेलं नाही. झाडं वाचा, प्रत्येक झाडापाशी आगीच्या दिशेचा झेंडा लावा, आणि आग जिथून निघाली ती जागा दाखवा.

अधिकारी उतारावर पांगले. एकेक लाल झेंडा उभा राहू लागला. सर आधी शेजारच्या वार्ताहराशी गप्पा मारत होते. मग त्यांनी वर पाहिलं. झाडांमधून घरांची ओळ दिसत होती, पुन्हा बांधलेली, पण त्याच वळणाची. त्यांनी खाली पाहिलं. विजेच्या तारा. ते खुर्चीतून उठले.

"ही जागा कुणी निवडली?"

"मी, सर," काडीताई म्हणाली.

"का?"

"इथले व्रण छान दिसतात."

सर परत बसले नाहीत. खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. झेंडे वाढत गेले. थोड्या वेळानं सगळे खाली जमले. तुकडीची प्रमुख एका अग्निशमन केंद्राची अधिकारी होती, खणखणीत आवाजाची बाई. तिनं उत्तर दिलं.

"आग खालून निघाली. त्या दोन खांबांच्या मधून, तारांखालून. वारा चढाच्या दिशेनं होता. आग पळत वर गेली आणि घरांना भिडली. सगळ्या झाडांचे व्रण वरच्या बाजूला आहेत. एकही अपवाद नाही."

"सर, बरोबर आहे ना?" काडीताईनं विचारलं.

सर घसा खाकरून म्हणाले, "हे... इतकं जुनं प्रकरण असतं तेव्हा खुणांवरून एकदम ठाम बोलू नये. वारा फिरलेला असू शकतो. मधल्या काळात..."

"पण सर," ती अधिकारी गोंधळून म्हणाली, "व्रण झाड मरेपर्यंत बदलत नाही, हे तुमच्याच पुस्तकात आहे. आणि वारा फिरला असता तर काही व्रण तरी खालच्या बाजूला मिळाले असते."

तिच्या मनात काही नव्हतं. बिचारी पास व्हायला आली होती.

काडीताई पुढे झाली. तिनं आवाज चढवला नाही. वर्गात प्रश्न विचारावा तसं म्हणाली, "या आगीसाठी एक माणूस तुरुंगात गेला. वर, त्या घरांखाली त्याच्या मधाच्या पेट्या होत्या. आग वरून खाली आली असं तज्ज्ञानं कोर्टात सांगितलं. तज्ज्ञ कोण होते, सर?"

वार्ताहराची पेन्सिल थांबली. डोंगरावर वारा होता, झेंडे फडफडत होते.

"मी," सर म्हणाले.

"आणि मधवाला?"

"तुझे वडील."

मी बाटल्यांचं खोकं खाली ठेवलं. तिच्याकडे पाहिलं. वाटलं, आता रडेल. ती रडली नाही. पण ती चमकली होती, अगदी अनपेक्षित ठिकाणी कुणी चिमटा काढावा तशी. सरांना हे ठाऊक असणं तिच्या हिशेबात नव्हतं.

बाकीचे बसकडे निघाल्यावर सर तिच्याजवळ आले. मी झेंडे गोळा करत होतो, मला सगळं ऐकू आलं.

"मुलाखतीच्या दिवशीच कळलं होतं मला," ते म्हणाले. "अर्जावर गावाचं नाव होतं. म्हणूनच तुला घेतलं."

"म्हणजे मी हुशार होते म्हणून नाही?"

"हुशार तर तू आहेसच. पण..."

"पण तुम्हाला तुमचं मन धुवायला काहीतरी हवं होतं. मी सापडले."

"मी रोज ठरवायचो, आज सांगू. तू एवढं मन लावून काम करायचीस. वाटायचं, सांगितलं तर तू जाशील."

"माझा बाप थंड भात खायचा, सर," ती म्हणाली. "काडी ओढायला घाबरायचा. त्याला सांगायचं होतंत. तो जिवंत होता तेव्हा तुम्हाला कळलं होतं की नंतर?"

सरांची नजर वर, घरांच्या ओळीकडे गेली. ती नजर मी आजही विसरू शकलेलो नाही. बाप जिवंत असतानाच, हे तिलाही कळून चुकलं. तिनं हातातला झेंडा माझ्या पोत्यात टाकला आणि बसमध्ये जाऊन सगळ्यात मागे बसली.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. बातम्या आल्या, चौकशी पुन्हा उघडली. वीज कंपनीनं आधी कागद सापडत नाहीत म्हणून सांगितलं, मग माणूस सापडत नाही म्हणून सांगितलं, शेवटी तारा त्या वर्षी सैल होत्या हे मान्य केलं. कोर्टानं मधवाल्याला निर्दोष ठरवलं. प्रयोगशाळेच्या नव्या संचालकांनी काडीताईला खोलीत बोलावून झापलं. "असं करायची ही पद्धत नव्हे. आपल्या संस्थेचं नाव खराब झालं."

"पद्धतीनं अर्ज दिला असता तर तुम्ही तो कुठल्या कपाटात ठेवला असता, तेवढं सांगा," ती म्हणाली. संचालकांनी विषय बदलला. तिला कामावरून काढायची त्यांची हिंमत नव्हती, कारण वर्तमानपत्रवाले अजून फाटकापाशी चकरा मारत होते.

निकालाचं ऐकल्यावर तिच्या आईनं एकच मागणं केलं. "मला गावाला ने."

माझी गाडी होती, म्हणून मी गेलो. काकू पुढच्या सीटवर, मांडीवर पर्स घट्ट धरून. गावात शिरल्यावर म्हणाल्या, "डावीकडे. मग सरळ. पाटी दिसेल." शिंप्याच्या दुकानाची पाटी तीच होती, फक्त रंग उडालेला. काकू उतरल्या, गल्लीच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि हाक मारली, "अहो शिंपी, बाहेर या."

म्हातारा बाहेर आला. गळ्यात मोजपट्टी, डोळ्यांवर जाड चष्मा. ओळखायला वेळ लागला. ओळखल्यावर त्याचे हात मोजपट्टीशी चाळा करू लागले.

"वहिनी... ऐकलं मी. आत या. बसा."

"आत येणार नाही. तुम्ही इथेच उभं राहून बोला."

"काय बोलू, वहिनी? माझी बायको गेली होती. डोकं ठिकाणावर नव्हतं."

"तुमची बायको काढायला माझा नवरा आत शिरला होता. तुम्ही पाहिलंत."

"पाहिलं."

"मोठ्यानं."

"वहिनी..."

"तेव्हा केवढा आवाज लागला होता तुमचा! त्या टोकाच्या घरापर्यंत गेला होता. आता काय झालं? मोठ्यानं सांगा. त्या टोकाच्या घरापर्यंत जाऊ दे."

दारं उघडत होती. लोक बाहेर येत होते. शिंपी रस्त्याच्या मधे आला. चष्मा काढला, परत घातला. मग ओरडला. आवाज फाटला, पण ओरडला. मधवाल्यानं आग लावली नव्हती. तो माझ्या बायकोसाठी आत गेला होता. मी पाहिलं होतं आणि मी बोललो नाही. शेवटच्या वाक्याला तो खाली बसला, मातीतच. कुणीतरी पाणी आणायला धावलं.

काडीताई गाडीला टेकून उभी होती. ती पुढे आली नाही. त्या म्हाताऱ्याला उठवायला तिचा हात क्षणभर पुढे झाल्यासारखा मला वाटला, पण मग तिनं तो खिशात घातला.

काकू गाडीत येऊन बसल्या. मी इंजिन सुरू केलं. गावाबाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "एकदाच ओरडला."

"हो," मी म्हणालो.

"अजून एकदा म्हणायला लावायला हवं होतं."

मला वाटलं त्या गंमत करतायत. त्या गंमत करत नव्हत्या. मागच्या सीटवरून काडीताई म्हणाली, "परत फिरवायची का गाडी, आई?" काकूंनी खूप विचार केला आणि मग मान हलवली. नको म्हणून.

लोक मला विचारतात, मग ती शांत झाली का? मनातलं एकदा बाहेर पडलं की माणूस हलका होतो म्हणतात. मी तिला रोज बघायचो, तसं काही झालं नाही. उलट एक नवीनच काटा तिला लागला होता. आपण इथे आलो ते आपल्या हिमतीवर की त्या माणसाच्या अपराधी मनाच्या कृपेवर? मधेच काम थांबवून मला विचारायची, "खरं सांग, मी चांगली आहे का रे या कामात?" मी म्हणायचो, तुझ्याइतकी चांगली कुणीच नाही. ते खरंही होतं. तिला पटायचं नाही. काडी ओढायच्या आधी खोचलेल्या तारा परत परत तपासताना मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते याच दिवसांत.

मग तिनं एक गोष्ट केली. प्रशिक्षणाचे वर्ग तिच्याकडे आले होते. प्रत्येक नव्या तुकडीचा पहिला तास ती त्याच डोंगरावर घेऊ लागली. पुस्तक नाही, मंच नाही. आधी झाडं वाचायला लावायची, आणि मग सांगायची, ही आग एकानं उलटी वाचली, नंतर त्याला बरोबर वाचता यायला लागलं, तरी तो गप्प राहिला. आणि सरांचं नाव घ्यायची. पूर्ण नाव, पदवीसकट. त्यांच्याच नावाचा नियम बरोबर आणलेल्या छोट्या फळ्यावर लिहायची आणि खाली मधवाल्याचं नाव.

सर तोपर्यंत खूप खचले होते. घराबाहेर पडत नव्हते. एक दिवस सरांच्या सुनेचा फोन प्रयोगशाळेत आला. मीच उचलला आणि काडीताईला दिला. सून इतकी मोठ्यानं बोलत होती की मला अर्धं ऐकू येत होतं.

"ताई, आता पुरे करा. म्हातारे झालेत ते. रात्रंदिवस त्याच विचारात असतात. तुम्हाला न्याय मिळाला, कोर्टानं दिला. अजून किती?"

"म्हातारे झालेत ना?" काडीताई म्हणाली.

"हो, फार."

"माझा बापही म्हातारा व्हायला हवा होता."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

मी तिला म्हणालो, "काडी, मनात येईल तेव्हा थांब. मी तुला सांगणार नाही कधी ते. पण सर गेल्यावर तू कुणावर रागावणार?"

"कंपनीवर," ती पटकन म्हणाली. मग थोडं थांबून, "त्यांनी अजून माफी मागितलेली नाही. नुसतं मान्य केलंय."

दुसऱ्या दिवशी नवी तुकडी होती. मी झेंड्यांचं पोतं घेऊन बरोबर गेलो. तिनं सगळं सांगितलं, नेहमीसारखंच, सपाट आवाजात. शेवटी एका तरुण अधिकारी मुलीनं हात वर केला.

"मॅडम, हे सर अजून आहेत का?"

"आहेत," काडीताई म्हणाली. "शहरातच राहतात. पत्ता हवा असेल तर देते. जाऊन विचारा त्यांना, खोड कोणत्या बाजूला जळतं. बरोबर सांगतील."

मुलगी हसावं की नाही या विचारात पडली. काडीताईनं पोत्यातून एक झेंडा काढून तिच्या हातात दिला आणि म्हणाली, "चला, त्या खालच्या शेवटच्या झाडापासून परत एकदा सुरुवात करा. खालून वर."